शेवटच्या लोकलपासून उलटं मोजा : मुंबईत शिकायला आलेल्यांसाठी संध्याकाळ ते पहाटेचं गाइड

मी बार्शीची. मुंबई विद्यापीठात, कालिन्याला, एम.ए.ला प्रवेश मिळाला तेव्हा निघताना दोन सल्ले मिळाले. आत्या म्हणाली, "सातच्या आत खोलीवर." पुण्यात शिकलेला चुलतभाऊ म्हणाला, "मुंबई रात्री झोपतच नाही, मजा कर." दोन्ही सल्ले काही कामाचे निघाले नाहीत. सातच्या आत खोलीवर पोचायचं तर लेक्चर सोडावं लागतं. आणि मुंबई झोपते. साधारण एक ते चार या वेळात लोकल बंद असते, तेवढी तिची झोप.

पहिल्या आठवड्यात वर्गात जो भेटेल तो एकच प्रश्न विचारायचा : "कुठल्या लाइनला राहतेस?" मला वाटलं, ही जात विचारायची शहरी पद्धत असावी. तसं नव्हतं. लाइन म्हणजे लोकलचा मार्ग. तुम्ही वेस्टर्न, सेंट्रल की हार्बर, यावर इथे तुमचा रात्री घरी जाणारा ग्रुप ठरतो. कोणाबरोबर किती वाजेपर्यंत बसता येईल, मध्येच "चला, निघू या" कोण म्हणणार, सगळं त्यावरच. हे कळायला मला सहा महिने लागले. तुमचे तेवढे जाऊ नयेत म्हणून लिहितेय.

१. आधी एवढं जवळ असू द्या

- कॉलेजचं ओळखपत्र. फेस्टला, नाटकाच्या सवलतीच्या तिकिटाला, रात्री पोलिसांनी हटकलं तर, सगळीकडे हेच लागतं. लॅमिनेट करून घ्या, पावसात विरघळतं.
- आधार किंवा दुसरा वयाचा पुरावा, मूळ प्रत नको. डिजिलॉकरमध्ये ठेवा. रात्री बाहेर मूळ कागदपत्रं घेऊन फिरायचं नाही.
- लोकलचा विद्यार्थी पास. कॉलेजच्या ऑफिसातून कन्सेशनचा फॉर्म घ्यायचा आणि तिकीट खिडकीवर पास काढायचा. जुलै-ऑगस्टमध्ये ऑफिसबाहेर रांग लागते, तेव्हा फॉर्म कधी वाटतात ते शिपायाला विचारून ठेवा. नोटीस बोर्डापेक्षा त्याला जास्त माहीत असतं.
- फोनमध्ये लोकलच्या वेळांसाठी एम-इंडिकेटर आणि बेस्टच्या बससाठी चलो, ही दोन अ‍ॅप. सोबत पॉवर बँक. रात्री अकराला 4 टक्के बॅटरी म्हणजे ना तिकीट, ना कॅब, ना मैत्रिणीचा पत्ता.
- 200 रुपये रोख, पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात. टपरीवर यूपीआय चालतं, पण रेंज गेली की काहीच चालत नाही.

पासबद्दल नवीन माणूस हमखास फसतो ती गोष्ट : पास फक्त घर ते कॉलेज एवढ्याच स्टेशनांचा असतो. माझा विद्याविहार ते कुर्ला होता. त्यावर मी ऐटीत दादरला उतरले आणि टीसीने बाजूला घेतलं. दंड किमान 250 रुपये, वर भाडं वेगळं. मरीन ड्राइव्हला निघालात तर वेगळं तिकीट काढा आणि ते स्टेशनात शिरायच्या आधी काढा, प्लॅटफॉर्मवर उभं राहून अ‍ॅपशी झटापट करू नका.

२. परतीचा रस्ता आधी, बेत नंतर

कुठे जायचं हे शेवटी ठरवा. आधी तिथून शेवटची गाडी किती वाजता आहे ते बघा आणि तिथून उलटं मोजा. शेवटची गाडी कधीच धरायची नाही, तिच्या आधीची धरायची. शेवटची ही राखीव.

सीएसएमटी आणि चर्चगेटहून शेवटच्या गाड्या साधारण बारा ते एकच्या दरम्यान सुटतात, पण त्या सगळीकडे जात नाहीत. लांबची गाडी आधी निघून जाते. कर्जत-कसाऱ्याच्या मित्राला ठाण्याच्या मित्राआधी उठावं लागतं. ग्रुपमध्ये सगळ्यात लांब राहणाऱ्याच्या गाडीवर सगळ्यांचा बेत ठरवणं हा इथला अलिखित नियम आहे. जो ग्रुप तो पाळत नाही, त्यात फार दिवस रमू नका.

फास्ट आणि स्लोचा घोळ प्रत्येकाचा एकदा होतोच. एका रात्री मी सीएसएमटीहून समोर दिसली ती गाडी पकडली. बसायला जागा मिळाली म्हणून खूश. विद्याविहार खिडकीतून सर्रकन मागे गेलं. फास्ट गाड्या तिथे थांबत नाहीत. घाटकोपरला उतरले, पूल चढून पलीकडे गेले, उलट्या दिशेची स्लो पकडली. एक स्टेशन मागे यायला पाऊण तास लागला. इंडिकेटरवर शेवटच्या स्टेशनाच्या बाजूला एफ की एस ते वाचायची सवय लावा.

शनिवारी बेत असेल तर ब्लॉकची, म्हणजे रुळांच्या कामासाठी गाड्या बंद ठेवण्याची, बातमी बघा. रविवारचा मेगाब्लॉक दिवसा असतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण कधीकधी शनिवारी रात्रीही ब्लॉक घेतात, आणि तुम्ही नेमके त्याच रात्री अंधेरीला असता.

मेट्रोवर रात्रीसाठी विसंबू नका. आरे ते कफ परेड भुयारी मेट्रो 2025च्या ऑक्टोबरपासून पूर्ण सुरू झाली. जाताना झकास आहे, गारेगार. पण तिची शेवटची गाडी साडेदहाच्या सुमारास सुटते. नाटक संपेपर्यंत दारं बंद.

रिक्षा वांद्रे आणि सायनपर्यंतच. त्याच्या दक्षिणेला रिक्षा नाही, फक्त टॅक्सी. कुलाब्यात उभं राहून रिक्षा शोधणारे दर वर्षी जूनमध्ये दिसतात, त्यातली एक मी होते. फेब्रुवारी 2025पासून किमान भाडं रिक्षाला 26 आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीला 31 रुपये आहे. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच सव्वापट. हे माहीत असलं की "नाइट चार्ज डबल" म्हणणाऱ्याशी शांतपणे बोलता येतं. मीटर टाकायला सांगा. नाहीच म्हणाला तर पुढची बघा, स्टेशनबाहेर दुसरी मिळतेच.

३. माणसं पार्टीत भेटत नाहीत, तालमीत भेटतात

पहिले काही महिने मी वाट बघत होते की कोणीतरी बोलावेल. इथे कोणी बोलावत नाही. प्रत्येकाला दीड तासाचा प्रवास करून घरी जायचं असतं. मैत्री करायची तर सगळ्यांना मिळून थांबावं लागेल असं एखादं काम अंगावर घ्यायला हवं.

त्यासाठी सगळ्यात सोपी जागा म्हणजे युवा महोत्सव. मुंबई विद्यापीठाचा हा आंतरमहाविद्यालयीन महोत्सव साधारण पावसाळ्यात सुरू होतो, आधी विभागवार फेऱ्या, मग अंतिम. एकांकिका, प्रहसन, मूकाभिनय, लोकनृत्य, वक्तृत्व, रांगोळी, काय हवं ते. पुढे राज्यातल्या विद्यापीठांचा इंद्रधनुष्य असतो. तुम्हाला अभिनय येत नाही? उत्तम. अभिनय येणारे गल्लोगल्ली आहेत, नेपथ्य उचलणारे कमी पडतात. सांस्कृतिक विभागाच्या शिक्षकांना गाठा आणि म्हणा, "सर, बॅकस्टेजला माणूस हवाय का?" कोणी नाही म्हणत नाही. मी एका एकांकिकेसाठी थर्माकोलची विहीर रंगवली. त्या विहिरीभोवती बसून वडापाव खाणारी सहा माणसं आजही माझी माणसं आहेत.

इंग्रजी वळणाच्या फेस्टची भाषा वेगळी, तिला बिचकू नका. ओसी म्हणजे आयोजन करणारी मुलं. सीएल म्हणजे आपल्या कॉलेजचा चमू घेऊन जाणारा पुढारी. झेवियर्सचा मल्हार आणि एनएम कॉलेजचा उमंग ऑगस्टच्या आसपास, मिठीबाईचा क्षितिज आणि आयआयटीचा मूड इंडिगो डिसेंबरात. मल्हारसारख्या ठिकाणी तुमच्या कॉलेजचा सीएल ओळखीचा असला की काम सोपं. मूड इंडिगोला आधी ऑनलाइन नोंदणी करून, ओळखपत्र घेऊन, लवकर जा. रात्रीच्या कॉन्सर्टसाठी संध्याकाळी पोचणारे पवईच्या रस्त्यावरच उभे राहतात.

एक सावधगिरी. फेस्टच्या स्पॉन्सरशिप टीममध्ये नवीन मुलांना पटापट घेतात आणि मग महिनाभर दुकानदारांचे उंबरे झिजवायला लावतात. घ्यायचं तर डोळे उघडे ठेवून घ्या. आणि फ्रेशर्स पार्टीच्या नावाखाली सीनियर काही जबरदस्तीने करायला लावत असतील तर त्याला रॅगिंग म्हणतात. यूजीसीची हेल्पलाइन 1800-180-5522, चोवीस तास.

४. बसायच्या जागा

पैसे नसताना कुठे बसायचं? शिवाजी पार्कचा कट्टा. मैदानाभोवती फेर धरून आहे, कोणी उठवत नाही, समोर क्रिकेट, मागे भेळ. मरीन ड्राइव्हचा कठडा तर आहेच. चर्चगेटला उतरून सरळ समुद्राकडे चालत जा. रात्री सायकलवर चहाचा थर्मास लावून फिरणारे येतात, कटिंग घ्या. रात्र चढली की पोलीस उठवायला येतात, तेव्हा वाद न घालता उठा. भरतीच्या वेळी कठड्याखालच्या सिमेंटच्या टेट्रापॉड ठोकळ्यांवर उतरू नका, रीलसाठी तर अजिबात नाही. वांद्र्याचं कार्टर रोड आणि बँडस्टँड वेस्टर्नवाल्यांना सोयीचं.

नाटक बघायचं तर दादरचं शिवाजी मंदिर, विलेपार्ल्याचं दीनानाथ, बोरिवलीचं प्रबोधनकार, ठाण्याचं गडकरी. बाल्कनीचं तिकीट घ्या, आवाज वरपर्यंत नीट येतो. जुहूच्या पृथ्वी थिएटरला उशिरा आलेल्याला आत सोडत नाहीत, दोन मिनिटं असोत की दहा. तिकीट हातात धरून मी बाहेर चहा प्यायलेय.

५. रात्रीचं खाणं

स्टेशनबाहेरची भुर्जीपावची गाडी हाच तुमचा मुख्य आधार. ज्या गाडीवर रिक्षावाले खातात ती निवडा, तव्यावर माल सतत ताजा फिरतो. माटुंग्याची उडप्यांची हॉटेलं आणि इराणी हॉटेलं रात्रीची नव्हेत. इराण्याकडे तर सकाळी किंवा दुपारीच जा. उशिरा भूक लागली तर कुलाब्यात ताजच्या मागे बडेमियाँ आहे, ताडदेवला सरदारची पावभाजी आहे, लोण्याचा डोंगर बघून घाबरू नका.

बिलाचं आधी ठरवा. टीटीएमएम, म्हणजे तुझे तू माझे मी, की सगळ्यांनी कॉन्ट्री, म्हणजे वर्गणी, काढायची? "बघू नंतर" म्हणणारा ग्रुप महिनाअखेरीस फुटतो. मेसचे पैसे भरलेल्या मुलाला रोज बाहेर खायला ओढू नका. तो नाही म्हणायला लाजतो, मग हळूहळू यायचाच बंद होतो. आमच्या ग्रुपमधला एक असा गेला. कारण कळेपर्यंत उशीर झाला होता.

६. या रात्री मोकळ्या ठेवा

गणपतीत लालबागला रात्री जा. उतरायला चिंचपोकळी किंवा करी रोड. लालबागच्या राजाला दोन रांगा असतात, नवसाची आणि मुखदर्शनाची. नवसाच्या रांगेत चुकून लागलात तर उजाडेल. माझं मत विचाराल तर चिंचपोकळीचा चिंतामणी आणि गणेश गल्लीचा मुंबईचा राजा बघा, लालबागचं मुखदर्शन घ्या आणि दुसऱ्या रात्री गिरगावात केशवजी नाईक चाळीत जा. तिथला उत्सव 1893पासून चालू आहे आणि चाळीत उभं राहिलं की गणपती घरचा वाटतो. विसर्जनाच्या रात्री रेल्वे जादा लोकल सोडते, ही वर्षातली लोकलची चिंता नसलेली रात्र.

रमजानमध्ये मोहम्मद अली रोड. मशीद बंदर किंवा सँडहर्स्ट रोडला उतरा. शनिवार-रविवार टाळा, मुंगीला जागा नसते. मिनारा मशिदीच्या गल्लीत नल्ली निहारी, मालपुवा, फिरनी. शाकाहारी मंडळींना सांगून ठेवते, तिथल्या मालपुव्यात अंडं असतं. फिरनी घ्या. लोक दिवसभराचा उपवास सोडायला आलेले असतात, आपण पाहुणे. टेबल अडवून फोटो काढत बसू नये.

5 डिसेंबरची संध्याकाळ ते 6 डिसेंबर, दादर. चैत्यभूमीला राज्यभरातून माणसं येतात आणि शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. माझ्या कपाटातली निम्मी पुस्तकं तिथली आहेत. एरवी मुंबईत मला माझ्याकडची बोली ऐकू येत नाही. त्या रात्री चहा पिताना शेजारचा कोणीतरी "कुठली गं तू पोरी?" विचारतो आणि तो नेमका आपल्या तालुक्याचा निघतो.

आणि 25 जानेवारी. चतुरंग प्रतिष्ठानची सवाई एकांकिका स्पर्धा. वर्षभरात इतर स्पर्धा जिंकलेल्या एकांकिका एका रात्रीत, आणि निकाल लागेपर्यंत प्रजासत्ताक दिनाची पहाट होते. नाट्यगृह कॉलेजच्या पोरांनी खच्चून भरलेलं, घोषणा, टाळ्या, मध्यंतरात झोप उडवायला चहा. घरी सांगायला सोपी अशी ही रात्रभराची जागा आहे, बंद नाट्यगृहात, नाटकं बघत. माझ्या आईने मला पहिल्यांदा परवानगी दिली ती याच रात्रीची. तिकिटं लवकर संपतात. स्वेटर न्या, एसीत कुडकुडायला होतं.

जानेवारी-फेब्रुवारीत काळा घोडा कला महोत्सव, 1999पासूनचा, प्रवेश फुकट. एकदा जावं.

७. पब, बार आणि तिथले खड्डे

मी फारशी जात नाही, पण प्रश्न सगळे हाच विचारतात, म्हणून कायद्याचं सांगते. महाराष्ट्रात बीअरसाठी वय 21, कडक दारूसाठी 25. वर दारूचा परवाना लागतो. म्हणजे पदवीच्या बहुतेक मुलांना कायद्याने काहीच नाही. रस्त्यावर, चौपाटीवर, कठड्यावर पिणं गुन्हा आहे. पिऊन गाडी चालवली तर पहिल्याच वेळी 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

- "एंट्री फ्री" लिहिलेलं असलं तरी फक्त मुलांच्या ग्रुपला दारावर अडवतात किंवा कव्हर चार्ज मागतात. आधी फोन करून विचारा.
- बिलात सर्व्हिस चार्ज लावला असेल तर काढायला सांगता येतो, तो ऐच्छिक आहे. जीएसटी मात्र द्यावाच लागतो.
- डेटिंग अ‍ॅपवर ओळख, पहिल्याच भेटीत "मला माहीत असलेल्या" बारचा आग्रह, किंमत न लिहिलेलं मेन्यूकार्ड, आणि समोरची व्यक्ती अचानक गायब. माझ्या वर्गातल्या एकाला असं अंधेरीत हजारोंचं बिल आलं, दारात दोन दांडगे उभे. जागा नेहमी तुम्ही निवडा. अडकलातच तर तिथूनच 112 लावा.
- गरब्याचे आणि 31 डिसेंबरचे पास व्हॉट्सअ‍ॅपवर अर्ध्या किमतीत मिळत असतील तर ते खोटे आहेत असंच धरा.

८. इन-टाइम, घरचे आणि मुलींचा डबा

पीजी घेताना भाड्याआधी इन-टाइम, म्हणजे रात्री परतायची शेवटची वेळ, विचारा, आणि महिन्यातून किती लेट पास मिळतात तेही. "ॲडजस्ट करू" या शब्दावर विसंबून मी एकदा रात्री सव्वाअकराला जिन्यात बसलेय. मालकीणबाई वरून बघत होत्या. तालमीचं पत्र कॉलेजच्या लेटरहेडवर आणून दिल्यावर त्याच बाई दार उघडून "जेवलीस का?" विचारायला लागल्या. तोंडी सांगण्यापेक्षा कागद चालतो.

मुलींनो, रात्री महिलांच्या डब्यात गणवेशातला पोलीस असतो, तो चढतो त्या डब्यात बसा. प्रत्येक महिला डबा चोवीस तास महिलांचा नसतो, काहींवर वेळ लिहिलेली असते, ती वाचा. अगदी रिकाम्या डब्यात एकटीने चढण्यापेक्षा माणसं असलेल्या जनरल डब्यात दाराजवळ उभं राहिलेलं मला बरं वाटतं, पण हा ज्याचा त्याचा निर्णय. रेल्वे पोलीस 1512, महिलांसाठी मुंबई पोलिसांचा 103. हे नंबर आत्ता सेव्ह करा, वाचून झाल्यावर नाही.

घरी खोटं सांगू नका. अर्धवट सांगा हवं तर. पण कोणत्या स्टेशनला आहे आणि बरोबर कोण आहे, हे एका माणसाला तरी खरं माहीत हवं. ते काम माझा धाकटा भाऊ करायचा, महिन्याला एका रिचार्जच्या बदल्यात.

९. गाडी चुकलीच तर

चुकेल. घाबरू नका. लाइनवर राहणाऱ्या मित्राचं घर हा पहिला उपाय, म्हणून प्रत्येक लाइनवर एक घर ओळखीचं करून ठेवा आणि त्या घरच्या काकूंना दिवाळीला फराळ न्या. चौघं असाल तर कॅब वाटून घ्या, बेस्टच्या काही रात्रीच्या बसही आहेत, चलोवर बघा. यातलं काहीच जमलं नाही तर मोठ्या स्टेशनला उजेडात, माणसांत थांबा. पहिल्या लोकल चारनंतर सुटायला लागतात.

दादरला अडकलात तर चारच्या सुमारास पश्चिमेला फूल गल्लीत जा. झेंडूच्या राशी उतरत असतात, हमाल "बाजू, बाजू" ओरडत जातात, त्यांच्या वाटेत उभं राहू नका. कोपऱ्यावर चहा मिळतो. साखर आधीच घातलेली असते आणि भरपूर असते.